बीट लॅपटॉपवर बनतो, पण गाणं कोणाचं? सोलापूरच्या डीजे पिढीसमोरचा प्रश्न

गणेशोत्सव असो, शिवजयंती असो, आंबेडकर जयंती असो की लग्नाची वरात. सोलापुरात मिरवणूक म्हटली की डीजेचा विषय निघतोच. दणदणाटाने हैराण झालेले नागरिक डीजेमुक्त शहराची मागणी करतात. मंडळांचे कार्यकर्ते म्हणतात, डीजे नसेल तर पोरं मिरवणुकीला येतच नाहीत. पोलीस, प्रशासन, शांतता समितीच्या बैठका, जप्त झालेले बॉक्स, हे सगळं दरवर्षी होतं.

या वादात आवाज किती असावा, यावर भरपूर बोललं जातं. तो आवाज बनवतं कोण, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही.

गाडीवरच्या बॉक्समधून वाजणारं गाणं बहुतेक वेळा पेन ड्राइव्हवरून आलेलं असतं. त्याआधी ते कुठल्यातरी खोलीत, एखाद्या लॅपटॉपवर, विशीतल्या एखाद्या मुलाने बनवलेलं असतं. मूळ गाण्यातला आवाज वेगळा काढायचा, वेग वाढवायचा, खाली जाडजूड किक टाकायची, वर हलगीचा किंवा संबळचा तुकडा फिरवायचा आणि बरोबर जागी सगळं थांबवून पुन्हा धडाका सुरू करायचा. हे काम त्याला कोणत्याही शाळेत शिकवलेलं नसतं. यूट्यूब आणि मित्र हेच त्याचे गुरू.

हे कौशल्य खरं आहे. पण त्यात एक मोठी अडचण आहे. बनवलेलं गाणं त्याचं नसतं. आणि मिरवणुकांवरचे निर्बंध, कॉपीराइटचे दावे, एआय हे तिन्ही एकाच वेळी समोर आल्यामुळे ही अडचण आता थेट पोटापाण्याशी येऊन भिडली आहे.

रिमिक्सकडून स्वतःच्या रचनेकडे जायचं म्हणजे नेमकं काय शिकायचं? त्याला किती खर्च येतो? आणि सोलापूरसारख्या शहरात ते शक्य आहे का? समजून घेऊया.

सिक्वेन्सिंग म्हणजे काय? उत्तर सोलापूरच्या मागावर आहे

कॉम्प्युटरवर संगीत बनवण्याच्या सॉफ्टवेअरला डिजिटल ऑडिओ वर्कस्टेशन, थोडक्यात 'डॉ' म्हणतात. एफएल स्टुडिओ, एबलटन लाइव्ह, क्यूबेस, लॉजिक प्रो, रीपर ही त्यातली गाजलेली नावं. आपल्याकडच्या डीजे मंडळींत सर्वाधिक ओळखीचं नाव एफएल स्टुडिओचं. बेल्जियममधल्या इमेज-लाइन कंपनीने १९९७ च्या अखेरीस ते 'फ्रुटीलूप्स' या नावाने आणलं आणि २००३ मध्ये त्याचं नाव बदललं.

हे सॉफ्टवेअर उघडलं की चौकोनांच्या ओळी दिसतात. एका ओळीत सोळा चौकोन. एक ओळ किकची, एक टाळीची, एक हलगीची. ज्या चौकोनावर क्लिक कराल, त्या क्षणी ते वाद्य वाजतं. रिकामा चौकोन म्हणजे शांतता. कोणता आवाज, कोणत्या क्षणी, किती वेळ आणि किती जोरात वाजेल याची क्रमवार मांडणी करणं, यालाच सिक्वेन्सिंग म्हणतात.

सोलापूरच्या माणसाला ही कल्पना नवी वाटू नये. इथली चादर जॅकार्ड मागावर विणली जाते. चादरीवरची नक्षी आधी आलेखाच्या कागदावर चौकोन भरून काढली जाते. त्यावरून पुठ्ठ्यांवर छिद्रं पाडली जातात. जिथे छिद्र आहे तिथला उभा धागा उचलला जातो, नाही तिथला खाली राहतो. पुठ्ठ्यांची साखळी फिरत राहते आणि नक्षी पुन्हा पुन्हा उमटते. छिद्र म्हणजे भरलेला चौकोन आणि साखळीचा फेरा म्हणजे लूप.

हे नातं केवळ उपमेपुरतं नाही. फ्रान्समधल्या जोसेफ मारी जॅकार्ड यांचा माग एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीचा. त्याच्या छिद्रांच्या पुठ्ठ्यांची कल्पना चार्ल्स बॅबेज यांनी आपल्या नियोजित गणनयंत्रासाठी घेतली. त्या यंत्रावर १८४३ मध्ये लिहिताना एडा लव्हलेस यांनी असं यंत्र एक दिवस संगीतरचनाही करू शकेल, असा अंदाज मांडला होता. पुढे आपोआप वाजणारे पियानो आले, तेही छिद्र पाडलेल्या कागदाच्या गुंडाळीवर चालत. आजच्या सॉफ्टवेअरमध्ये स्वर मांडण्याच्या खिडकीला 'पियानो रोल' म्हणतात, ते नाव त्या गुंडाळीवरूनच आलं आहे.

दुसरी गोष्ट समजून घ्यायची ती 'मिडी'. १९८३ मध्ये वेगवेगळ्या कंपन्यांची वाद्यं एकमेकांशी बोलावीत म्हणून ही भाषा ठरली. मिडीच्या फाइलमध्ये आवाज नसतो, सूचना असतात: हा स्वर दाब, इतक्या जोरात, आता सोड. आघाताचा जोर ० ते १२७ या अंकांत मोजला जातो. सूचना तीच ठेवून वाद्य बदलता येतं, त्यामुळे सनईवर लिहिलेली ओळ क्षणात व्हायोलिनवर ऐकता येते. तयार ऑडिओ कापून जोडणारा मुलगा आणि मिडीत स्वर लिहिणारा मुलगा यांच्यातला फरक इथेच सुरू होतो. पहिला दुसऱ्याचं कापड शिवतो, तर दुसरा आपलं कापड विणतो.

रिमिक्स चाललं, पण पैसे कुणाला?

एका गाण्यात कायद्याच्या दृष्टीने किमान तीन वेगवेगळ्या गोष्टी असतात: शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण. भारतीय कॉपीराइट कायद्यानुसार शब्द आणि चाल यांचा हक्क रचनाकाराच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं टिकतो. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षं.

डीजे रिमिक्समध्ये साधारणपणे या तिन्ही गोष्टी परवानगीशिवाय उचललेल्या असतात. असं गाणं यूट्यूबवर टाकलं की 'कंटेंट आयडी' ही यंत्रणा ते ओळखते. मग मूळ हक्कदार तीनपैकी एक करू शकतो: व्हिडिओ बंद पाडणं, फक्त नोंद ठेवणं किंवा जाहिरातीचे पैसे स्वतःकडे वळवणं. रिमिक्सला लाखो लोकांनी पाहिलं आणि बनवणाऱ्याच्या हातात काहीच आलं नाही, असं होतं ते यामुळे.

"पण वरातीत तर गाणी वाजवायला परवानगी लागत नाही ना?" हा नेहमीचा प्रश्न. धार्मिक विधी, लग्नाची वरात आणि लग्नाशी संबंधित समारंभ यांत गाणं वाजवण्यासाठी कायद्याच्या कलम ५२ मध्ये सवलत आहे. पण ती वाजवण्यापुरती आहे. त्याच गाण्याचं रिमिक्स बनवून ते विकणं किंवा इंटरनेटवर टाकणं त्यात बसत नाही.

दुसऱ्याचं गाणं नव्याने गाऊन 'कव्हर' करायचं तरी नियम आहेत. २०१२ च्या दुरुस्तीनंतर कलम ३१सी नुसार मूळ ध्वनिमुद्रणानंतर पाच वर्षं तसं कव्हर काढता येत नाही. त्यानंतरही आधी सूचना द्यावी लागते आणि रॉयल्टी भरावी लागते.

याच दुरुस्तीने चाल बांधणाऱ्यांना आणि गीतकारांना मोठा आधारही दिला. चित्रपटासाठी गाणं दिलं तरी पुढच्या वापरातल्या रॉयल्टीचा त्यांचा समान वाटा आता करारात लिहूनही काढून घेता येत नाही. गीतकार-संगीतकारांच्या वतीने ही रक्कम गोळा करण्याचं काम आयपीआरएस ही संस्था करते. म्हणजे स्वतःची चाल असेल तर तिच्यामागे कायदा उभा आहे. रिमिक्स असेल तर तोच कायदा समोर उभा ठाकतो.

मिरवणुकीचा धंदा आता किती दिवस?

कॉपीराइट बाजूला ठेवला, तरी केवळ मिरवणुकीवर अवलंबून राहणं अवघड होत चाललं आहे. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालापासून लागू आहेत. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा. व्यापारी भागात ६५ आणि ५५. रुग्णालयं, शाळा, न्यायालयं यांच्या परिसरातल्या शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस राज्य सरकार ही वेळ मध्यरात्रीपर्यंत वाढवू शकतं.

डेसिबलचं गणित साधं नाही. १० डेसिबल वाढले की ध्वनीची ऊर्जा दहापट होते. त्यामुळे ५५ आणि ९५ यांतला फरक ४० नव्हे, दहा हजारपट असतो. अमेरिकेच्या व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या मापदंडानुसार ८५ डेसिबलमध्ये आठ तास काम करता येतं. त्यापुढे दर ३ डेसिबलला ही वेळ निम्मी होते. १०० डेसिबलला ती जेमतेम १५ मिनिटं उरते.

हा आकडा सर्वांत आधी डीजे चालवणाऱ्याने पाहायला हवा. मिरवणुकीत तो सात-आठ तास बॉक्सच्या शेजारी उभा असतो. संगीत बनवणाऱ्याचं खरं हत्यार लॅपटॉप नसून कान आहे. ऐकण्याची बारीक क्षमता एकदा गेली की परत येत नाही.

शिकायला किती खर्च येतो?

कॉम्प्युटरवर संगीत करायचं तर महागडा स्टुडिओ हवा, हा समज आता जुना झाला आहे. ८ जीबी रॅमचा साधा लॅपटॉप आणि वायरचा बरा हेडफोन एवढ्यावर सुरुवात होते. ब्लूटूथ हेडफोन मात्र या कामाला चालत नाही. त्यात आवाज उशिरा पोहोचतो, त्यामुळे बोट दाबलं आणि ठोका ऐकू आला यांच्यात अंतर पडतं.

सॉफ्टवेअरचे पर्याय असे:

• एलएमएमएस: पूर्ण मोफत. रचना एफएल स्टुडिओशी मिळतीजुळती, त्यामुळे सिक्वेन्सिंगच्या सुरुवातीला सोयीचं.

• बँडलॅब: मोफत. ब्राउझरमध्ये आणि मोबाइलवरही चालतं. लॅपटॉप नसलेल्यांसाठी चांगली सुरुवात.

• ऑडॅसिटी: मोफत. मुख्यतः आवाज रेकॉर्ड करणं, कापणं, स्वच्छ करणं यासाठी.

• रीपर: ६० दिवस वापरून पाहता येतं. व्यक्तिगत वापराचा परवाना ६० डॉलरचा.

• एफएल स्टुडिओ: चाचणी आवृत्तीत गाणं बनवून बाहेर काढता येतं, पण सेव्ह केलेला प्रोजेक्ट पुन्हा उघडता येत नाही. एकदा विकत घेतलं की पुढच्या सगळ्या आवृत्त्या मोफत मिळतात.

अनेक जण 'क्रॅक' केलेलं सॉफ्टवेअर वापरतात. ते बेकायदा तर आहेच, पण अशा फाइलींबरोबर व्हायरस येतो आणि महिनोन्‌महिन्यांचं काम एका रात्रीत जाऊ शकतं. मोफत पर्याय हाताशी असताना हा धोका पत्करण्याचं कारण उरत नाही.

थोडक्यात, साधन स्वस्त झालं आहे. कमतरता आहे ती शिकवणाऱ्यांची. चित्रपटाच्या ध्वनीचं रीतसर शिक्षण पुण्याच्या एफटीआयआयमध्ये मिळतं, पण तिथे जागा मोजक्या. ए. आर. रहमान यांनी २००८ मध्ये सुरू केलेली संगीतशाळा चेन्नईत. केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२४ मध्ये अॅनिमेशन, व्हीएफएक्स, गेमिंग या क्षेत्रांसाठी मंजूर केलेली राष्ट्रीय संस्था मुंबईत. गेम असो की अॅनिमेशन, त्याला संगीत लागतंच. पण सोलापूरच्या मुलाला या प्रत्येक ठिकाणी जायचं तर आधी शहर सोडावं लागतं.

सॉफ्टवेअर जे शिकवत नाही ते

यूट्यूबवरचे बहुतेक धडे कोणतं बटण कुठे आहे हे दाखवतात. रचना मात्र बटणांनी होत नाही. आणि इथे आपल्या संगीतापुढे दोन खास अडचणी उभ्या राहतात.

पहिली तालाची. सॉफ्टवेअर उघडलं की जी चौकट येते ती चार ठोक्यांची, सोळा घरांची. पाश्चात्त्य नाचाच्या संगीताला ती फिट बसते. आठ मात्रांचा केरवा आणि सोळा मात्रांचा त्रितालही त्यात बसतो. पण सहा मात्रांचा दादरा, सात मात्रांचा रूपक किंवा दहा मात्रांचा झपताल हवा असेल तर चौकट बदलावी लागते. ती बदलता येते हेच अनेकांना माहीत नसतं. मग सगळी गाणी एकाच साच्यातून निघू लागतात.

त्याहून अवघड गोष्ट म्हणजे लय 'सैल' ठेवणं. हलगी वाजवणारा एका हातात जाडसर टिपरू आणि दुसऱ्या हातात बारीक काडी धरतो. त्याचा ठोका घड्याळाच्या काट्यासारखा पडत नाही. तो किंचित आधी किंवा किंचित मागे पडतो आणि त्यातच नाचायला लावणारी गंमत असते. १२० च्या वेगाला एक ठोका अर्ध्या सेकंदाचा असतो. एफएल स्टुडिओ मुळात त्याचे ९६ भाग करतो, म्हणजे एक भाग साधारण ५ मिलिसेकंदांचा. ठोका असे दोन-तीन भाग मागे सरकवला, आघाताचे अंक कमी-जास्त केले की यंत्रातली हलगी जिवंत वाटू लागते. 'क्वांटाइझ'चं बटण दाबून सगळं सरळ रेषेत आणलं की तीच हलगी मेलेली वाटते. कुठे सरकवायचं हे कळण्यासाठी खरा हलगीवाला ऐकलेला असावा लागतो.

दुसरी अडचण सुराची. कॉम्प्युटरचे बारा स्वर पियानोसारखे समान अंतरावर बसवलेले असतात. एका अर्धस्वराचे १०० सेंट धरले तर पियानोतला शुद्ध गंधार षड्जापासून ४०० सेंटवर येतो. तंबोऱ्यातून ऐकू येणारा नैसर्गिक गंधार साधारण ३८६ वर असतो. १४ सेंटचा हा फरक तयार कानाला टोचतो. याच कारणावरून हार्मोनियमवर टीका झाली आणि १९४० पासून काही दशकं आकाशवाणीवर तिला बंदी होती. फरक इतकाच, की हार्मोनियमची पट्टी वाकत नाही, सॉफ्टवेअरमधला स्वर मात्र 'पिच बेंड'ने वाकवता येतो. मींड काढता येते, गंधार खाली आणता येतो. पण तो खाली आणायला हवा हे यंत्र सांगत नाही.

म्हणून शिकण्याचा क्रम उलटा असलेला बरा. आधी हाताने टाळी देत आठ मात्रा मोजणं. मग तोच केरवा सोळा घरांत बसवणं. मग एकाच रागातल्या किंवा लोकधुनेतल्या पाच-सहा स्वरांत चार ओळींची चाल बांधणं. मग तिच्याखाली खर्जाची साथ. आणि शेवटी दोन मिनिटांचं, सुरुवात आणि शेवट असलेलं पूर्ण गाणं. लूप कितीही वेळ फिरत राहतो, गाण्याला मात्र कुठेतरी पोहोचावं लागतं. रचना शिकणं म्हणजे हे 'पोहोचणं' शिकणं.

हे कुणी करून दाखवलं आहे का?

मुंबईतले वादक चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये रोलँड कंपनीची नवीन आलेली ताल आणि बेसची यंत्रं घेऊन त्यांवर दहा राग बसवले. तो अल्बम तेव्हा फारसा चालला नाही. २०१० मध्ये तो पुन्हा प्रकाशित झाला, तेव्हा जगभरच्या श्रोत्यांना धक्का बसला. पाश्चात्त्य देशांत नंतर 'अॅसिड हाउस' म्हणून गाजलेल्या आवाजाशी त्याचं विलक्षण साम्य होतं. यंत्र परदेशी होतं आणि मांडणी इथल्या रागांची. १९९२ च्या 'रोजा'पासून ए. आर. रहमान यांनी घरच्या स्टुडिओत सिक्वेन्सरवर काम करून चित्रपटसंगीताचा पोतच बदलला.

सोलापूरला आणखी जवळचं उदाहरण 'सैराट'चं आहे. दिग्दर्शक नागराज मंजुळे करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे. चित्रपट त्याच परिसरात घडतो. संगीतकार अजय-अतुल यांचं 'झिंगाट' २०१६ पासून क्वचितच एखाद्या मिरवणुकीने चुकवलं असेल. पण त्याच चित्रपटाचं संगीत अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर सिंफनी ऑर्केस्ट्रासह ध्वनिमुद्रित झालं. अशा वादकवृंदासमोर "इथे जरा धूम धडाका करा" असं सांगून चालत नाही. कोणत्या व्हायोलिनने कोणता स्वर किती वेळ धरायचा, हे कागदावर लिहिलेलं असावं लागतं. मिरवणुकीचा ठेका आणि ऑर्केस्ट्राची स्वरलिपी एकाच चित्रपटात राहू शकतात. दोन्हीच्या मुळाशी स्वतःची चाल असली की हे शक्य होतं.

एआय आल्यावर शिकायचं कशाला?

सुनो, उडिओ यांसारख्या सेवांवर दोन ओळी लिहिल्या की मिनिटाभरात गाणं तयार होतं, मराठीतही. मंडळाचं गाणं, नेत्याच्या वाढदिवसाचं गाणं, दुकानाची जाहिरात ही गावोगावच्या छोट्या स्टुडिओंची हक्काची कामं. एआयचा पहिला घाव तिथेच बसतो आहे.

कायद्याची बाजूही अजून ठरायची आहे. जून २०२४ मध्ये मोठ्या संगीत कंपन्यांनी अमेरिकेत या दोन्ही सेवांवर खटले भरले. आमची गाणी विनापरवाना वापरून ही यंत्रं शिकवली, असा त्यांचा आरोप. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये अरिजित सिंग यांच्या आवाजाच्या एआय नकलांना मनाई केली आणि २०२५ मध्ये आशा भोसले यांनाही तसं संरक्षण दिलं. त्यामुळे प्रसिद्ध गायकाच्या आवाजात मंडळाचं गाणं बनवून विकणं धोक्याचं आहे. एआयने बनवलेल्या गाण्याचा रचनाकार कोण, यावर भारतीय कायद्यात स्पष्ट उत्तर नाही. कॉम्प्युटरच्या साहाय्याने झालेल्या कामाबद्दल १९९४ मध्ये जी तरतूद आली, ती लिहिताना असं यंत्र कुणाच्या डोळ्यांसमोर नव्हतं.

एआय सरासरी गाणं उत्तम बनवतं. जे हजार वेळा बनलं आहे, ते हजार-एकाव्या वेळी बनवणं त्याला सोपं जातं. म्हणून ज्याचं काम केवळ साच्याचं आहे, त्याची जागा आधी जाते. ज्याला चाल कुठे अडली हे कळतं, ठोका कुठे मागे ओढायचा हे कळतं, तो एआयलाही हत्यार म्हणून वापरू शकतो.

सोलापूरकडे कच्चा माल आहे

आणि इथे सोलापूरची बाजू भक्कम आहे. लावणीकार शाहीर राम जोशी याच शहरातले. शाहीर अमर शेख बार्शीचे. पंढरपुरात टाळ-मृदंगाची परंपरा अखंड चालू आहे. जानेवारीतल्या सिद्धेश्वर यात्रेत नंदीध्वजांपुढे हलगी कडाडते. गणेशोत्सवातलं सोलापूरचं लेझीम तर ठरलेलंच. मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू या चार भाषा एकाच बाजारात कानावर पडतात. यातले बहुतेक आवाज कोणत्याही तयार सॅम्पल पॅकमध्ये मिळत नाहीत.

पण ते रेकॉर्ड करताना एक हिशेब चोख ठेवायला हवा. हलगी परंपरेने मातंग समाजातल्या कलावंतांनी जपली. त्यांच्या वादनाचे तुकडे आज 'हलगी मिक्स' म्हणून शेकडो गाण्यांत फिरतात आणि वाजवणाऱ्याचं नावही कुठे नसतं. लोकधून सगळ्यांची असते, पण त्या दिवशी त्या माणसाने केलेलं वादन त्याचं असतं. कॉपीराइट कायदा कलावंताला त्याच्या सादरीकरणावर ५० वर्षं हक्क देतो. त्यामुळे लेखी संमती घेणं, मानधन देणं, नाव छापणं आणि पुढे उत्पन्न झालं तर वाटा देणं ही साधी पद्धत रुजायला हवी. मूळ हक्कदार आपले पैसे घेऊन जातो म्हणून रिमिक्सवाल्याची तक्रार असते. हलगीवाल्याची तक्रार नेमकी तीच आहे, फक्त ती ऐकायला कोणी नसतं.

खर्चाच्या दृष्टीने पाहिलं तर यासाठी मोठी योजना लागत नाही. महाविद्यालयांत कॉम्प्युटर लॅब आहेत, मोफत सॉफ्टवेअर आहे, शहरात तबला-हार्मोनियम शिकवणारे गुरुजी आहेत आणि सॉफ्टवेअरवर हात बसलेली डीजे पोरंही आहेत. गुरुजींना 'डॉ' येत नाही आणि पोरांना ताल-सुराचं व्याकरण येत नाही. हे दोघं आठवड्यातून दोन तास एका खोलीत बसले, तर दोघांचंही भागेल. एखाद्या गणेश मंडळाने डीजेच्या भाड्यातला थोडा भाग बाजूला काढून आपल्याच गल्लीतल्या मुलाकडून हलगी-लेझीमवर बांधलेलं नवं गाणं करून घेतलं, तर त्या मुलाच्या नावावर पहिली रचना लागेल.

मिरवणुकीत बॉक्स किती लावायचे, हे पोलीस ठरवतील. त्या बॉक्समधून काय वाजेल, हे मात्र मंडळाच्या आणि त्या मुलाच्या हातात आहे. पुढच्या हंगामात रिमिक्सच्या यादीत एक जरी गाणं बनवणाऱ्याच्या स्वतःच्या नावाचं असलं, तरी कॉपीराइटचा दावा आल्यावर त्याला माघार घ्यावी लागणार नाही. त्या गाण्यापुरता दावा करण्याचा हक्क त्याचाच असेल.